हुसेन मिस्त्रीची दुसरी खूण

मी तोंडाचा फटकळ माणूस. टॅक्सी स्टँडवर माझा आवाज आला की बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, आला महिपत, आता कुणाची तरी खरडपट्टी निघणार. मी कुणाला घाबरत होतो असं सांगितलं तर माझी बायको काशीसुद्धा तोंडाला पदर लावून हसेल. पण एका माणसाला मी घाबरायचो. राजिवड्याचा हुसेन मिस्त्री. अंगाने काटकुळा, डोक्यावर पांढरी टोपी, आणि दिवसाकाठी वीस शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी.

खाडीच्या बाजूला त्याची पत्र्याची शेड होती. बोर्ड नाही, नाव नाही. शेडला लागूनच घर. बायको वारली होती, मुलगी रझिया तिच्या लेकीला घेऊन त्याच्याकडेच राहायची, कारण जावई कुवेतला. रत्नागिरीत तेव्हा भराभर डिझेल इंजिनं बसवायला लागले होते, पण मिस्त्री पेट्रोलच्याच गाड्या घ्यायचा. मी एकदा म्हटलं, मिस्त्री, डिझेलचं शिकून घ्या की वायच. तर म्हणाला, "डिझेलला डिस्ट्रिब्युटर नाही. मग मी ऐकू काय?" त्या वर्षातलं त्याचं सगळ्यात मोठं भाषण ते.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेट्रोलच्या इंजिनाला वाटीएवढा एक डबा असतो. कुठल्या प्लगला ठिणगी द्यायची आणि नेमकी कधी द्यायची, ते तो ठरवतो. ठिणगी लवकर पडली तर चढावर इंजिन आतून टकटकायला लागतं, आणि तसंच दामटलं तर पिस्टनला भोक पडतं. उशिरा पडली तर गाडी रडतखडत चालते आणि तापते. तो डबा सैल करायचा, केसभर पुढे नाहीतर केसभर मागे फिरवायचा आणि वेळ साधायची. ह्याला टायमिंग लावणं म्हणतात. बाकीचे मिस्त्री बल्ब लावून बघायचे. हुसेन मिस्त्री बिडीच्या बंडलाचा पातळ कागद त्या डब्यातल्या पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या दोन टोकांच्या, फटीत धरायचा, दुसऱ्या हाताने इंजिन सावकाश फिरवायचा, आणि फट उघडून कागद सुटला की म्हणायचा, "हां." मग इंजिन सुरू करून लांबलचक स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावायचा आणि दुसरं कानाला. तेवढ्या वेळात कुणी खोकलेलंही त्याला चालायचं नाही.

आता माझं पाप सांगतो. मी पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायचो. सगळेच मिसळायचे असं म्हणून मी स्वतःला सोडवणार नाही. घरात खाणारी तोंडं सात, आणि अँबॅसिडर तर पाण्यासारखं पेट्रोल पिते. डिकीत एक डबा कायम असायचा. निम्मं हे, निम्मं ते.

मिस्त्रीला ह्याची भयंकर चीड. एकदा पावसचा एक जीपवाला आला. मी तिथंच बाकड्यावर बसलो होतो. मिस्त्रीने त्याचा एक प्लग काढला, नाकाला लावला, परत बसवला, बॉनेट खाली घेतलं आणि म्हणाला, "जा." बस्स. त्या जीपवाल्याने हातापाया पडून बघितलं, पण मिस्त्रीने त्या गाडीला पुन्हा हात लावला नाही.

म्हणून मी एक युक्ती काढली. मिस्त्रीकडे जायचं त्याच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी करायची, दोन लिटर शुद्ध पेट्रोल घालायचं, गाडी भाट्याच्या पुलावरून दोनदा फिरवून आणायची आणि मग सोवळ्यात असल्यासारखी शेडमध्ये उभी करायची. एकदाच त्याने मला सरळ विचारलं होतं, "महिपत, रॉकेल घालतोस?" मी छाती ठोकून म्हटलं, "भैरीची शपथ मिस्त्री, थेंब नाही." ग्रामदेवतेची शपथ! त्याने मान हलवली आणि कामाला लागला. मी मनात म्हटलं, चला, म्हाताऱ्याला गुंडाळलं. आठ वर्षं मी असा शहाणा होतो.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी मला एका लग्नाचं वऱ्हाड घेऊन आंबा घाटाने कोल्हापूरला जायचं होतं. एरवी मी रत्नागिरी, पावस, हातखंबा एवढंच करायचो, घाट क्वचित. म्हणून सकाळीच गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने पॉइंट घासले, कागद धरला, "हां" म्हणाला, मग बराच वेळ वाकून काहीतरी करत राहिला. बॉनेट लावताना म्हणाला, "घाटासाठी लावलंय. आवाज करणार नाही." मी खूश झालो.

तेवढ्यात घरातून रझियाची किंकाळी आली.

तिची लेक हाजरा, तीन वर्षांची, आजीचंच नाव ठेवलेली, उंबऱ्यावर चिंचोके मांडून खेळत बसली होती. एक तोंडात होता. कशाला तरी खुदकन हसली आणि चिंचोका श्वासाबरोबर आत गेला. आम्ही धावलो तेव्हा पोर निळी पडली होती, डोळे पांढरे. मिस्त्रीने तिला उलटी धरून पाठीत थापट्या मारल्या. चिंचोका बाहेर आला नाही, पण आतल्या आत कुठेतरी सरकला आणि श्वास सुरू झाला. मात्र प्रत्येक श्वासाला शीळ वाजत होती. बारीक, दाराच्या फटीतून वारा यावा तशी.

तशीच गाडीत घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस, त्याने घुमवून फिरवून सांगितलं नाही. "चिंचोका श्वासनळीत आहे. काढायची दुर्बीण इथे नाही, कोल्हापूरला आहे. मी फोन लावून ठेवतो. संध्याकाळच्या आत पोचा. बिया ओल्या झाल्या की फुगतात." मग रझियाकडे वळून म्हणाला, "हिला उभी धरायची. पाणी नाही, दूध नाही. आणि रडू द्यायची नाही. रडली, खोकली आणि तो वर येऊन अडकला, तर आपल्या हातात काही राहणार नाही."

डॉक्टर कागद लिहून देत होता तेवढ्यात मी पंपावर गेलो. टाकीत माझं ते नाटकाचं दोन लिटर पेट्रोल तेवढं होतं. सवयीने डिकी उघडली, डब्याला हात घातला. आणि हात तिथंच थांबला. म्हटलं, महिपत, मेल्या, ही कुणाची नात आहे? जरा तरी लाज बाळग. डिकी धाडकन लावली आणि पंपवाल्याला म्हटलं, "शुद्ध पेट्रोल. टाकी भर." तो माझ्याकडे बघतच राहिला. त्या क्षणी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्या गाडीला पोटभर जेवायला घातलं होतं.

दुपारी बाराला निघालो. रझिया मागे, मांडीवर हाजरा उभी धरलेली. मिस्त्री माझ्या शेजारी. मी हॉर्न वाजवायचा नाही, ब्रेक करकचून दाबायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला ही शिक्षाच होती. हातखंब्यापर्यंत गाडी बरी चालली. पालीच्या पुढे चढ लागले तसं मला जाणवायला लागलं की गाडी ओढत नाही. पाय तळाला टेकवला तरी हिला काही घाईच नाही. नाणीजच्या चढाला ती दुसऱ्या गिअरमध्ये आली. मी मिस्त्रीकडे बघितलं. तो समोर बघत होता, पण त्याचा एक कान इंजिनाकडे होता आणि एक मागे, त्या शिळेकडे.

साखरप्याला तापमानाचा काटा वर चढलेला. थांबून पाणी घातलं. मिस्त्री एवढंच म्हणाला, "चल." घाटाला लागलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मे महिन्याचं ऊन, तापलेली दरड. तिसऱ्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली आणि चौथ्या वळणाच्या जरा अलीकडे, पहिल्या गिअरमध्ये, माझी अँबॅसिडर धापा टाकत उभी राहिली.

मी हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावला. पावसात ठिकठिकाणी पऱ्ये धो धो वाहतात त्या घाटात, पण तेव्हा टिपूस नव्हता. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याची एक कळशी. वर जाणारी एसटी नुकतीच आमच्या पुढे निघून गेलेली, पुढची तासाभराने. एक ट्रक दिसला तो खाली उतरणारा. मागून शीळ ऐकू येत होती. तिच्यात आता मध्येच खंड पडत होता. एक श्वास, दुसरा श्वास, मग काहीच नाही, मग एकदम दोन.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. सायलेन्सरचा नळ इंजिनापाशी लालबुंद झाला होता, भर उन्हातसुद्धा दिसत होता. त्याने तो बघितला आणि माझ्याकडे आला. अगदी जवळ. पोर जागी होती म्हणून कानात बोलला.

"महिपत, टाकीत काय आहे?"

"पेट्रोल," मी म्हटलं.

"खरं सांग."

"खरंच सांगतोय."

"आज खोटं बोलू नको. एवढा एक दिवस बोलू नको."

माझा भडका उडाला. पण ओरडायची सोय नव्हती. आयुष्यात मी भांडणं पुष्कळ केली, पण कुजबुजत केलेलं ते एकच. "आयचा घो! मिस्त्री, मी काय लबाड वाटलो तुम्हाला? भैरीची शपथ घेऊन सांगतो, शुद्ध पेट्रोल आहे."

"भैरीची शपथ तू मागे पण घेतलीस," तो म्हणाला.

म्हणजे ह्याला ठाऊक होतं! आठ वर्षं! मी ते दोन लिटर घालून, पुलावरून गाडी फिरवून, सोवळ्याचा आव आणून त्याच्या समोर उभा राहायचो, आणि तो सगळं समजून गप्प बसायचा.

"प्लग बोलतात," तो म्हणाला. "तू नाही बोललास तरी."

मग तो वाकला, खिशातून फडकं काढलं आणि डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी जमलेलं वंगण पुसलं. तिथे कानशीने मारलेल्या दोन बारीक खुणा होत्या. दोन्हींत फार तर दोन तांदळांचं अंतर. एकीवर बोट ठेवून तो म्हणाला, "ही कंपनीची." दुसरीवर ठेवून म्हणाला, "ही तुझी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलला ठिणगी उशिरा द्यावी लागते, नाहीतर इंजिन टकटकतं. माझ्या खोटेपणाने माझं इंजिन फुटू नये म्हणून ह्या माणसाने आठ वर्षं दर खेपेला आधी कंपनीच्या खुणेवर टायमिंग लावलं होतं, माझं नाटक ऐकून घेतलं होतं, आणि गाडी माझ्या ताब्यात देण्याआधी गुपचूप डिस्ट्रिब्युटर माझ्या खुणेवर मागे फिरवला होता. आणि आज सकाळी, घाट आहे, वऱ्हाडाचं ओझं आहे, म्हणून तो खुणेच्याही मागे नेला होता. महिपत रॉकेल घालणारच, ह्या हिशोबाने. आणि महिपतला नेमका आजच देव आठवला होता.

"मग पुढे करा ना!" मी म्हटलं. "कंपनीच्या खुणेवर आणा. पेट्रोलच आहे टाकीत."

तो हलला नाही. "पेट्रोल असेल तर गाडी चढेल. रॉकेल असेल आणि मी पुढे केलं, तर ह्या तापलेल्या इंजिनाचा पिस्टन दोन वळणांत जाईल. मग इथंच." त्याने मागच्या सीटकडे बघितलं नाही, पण आवाज तिथे जाऊन आला. "मी कशावर विश्वास ठेवू, सांग."

माझ्या पोरांची शपथ घ्यावी तर तीही मी स्टँडवर दिवसातून दहादा घेतो. डिकी उघडून भरलेला डबा दाखवला. "हा बघा, जसाच्या तसा आहे, थेंब ओतला नाही." तो म्हणाला, "दोन डबे असतील." मी रडकुंडीला आलो होतो. लांडगा आला रे आला करणाऱ्या पोराची गोष्ट मी माझ्याच मुलांना सांगितली होती, आणि आज लांडगा खरंच आला होता.

मागून रझिया हळूच म्हणाली, "अब्बा, हिचे ओठ बघा."

ओठ निळसर झाले होते. हाजरा डोळे मोठे करून आईकडे बघत होती आणि रडायला तोंड वाकडं करत होती. रझिया तिला छातीशी उभी धरून गुणगुणायला लागली.

मिस्त्रीने डोक्यावरची टोपी काढली. इंजिनावरच्या छोट्या पेट्रोल पंपाची नळी सोडवली, हँडलने इंजिन अर्धा वेढा फिरवायला मला खूण केली, आणि नळीतून आलेला थेंब त्या पांढऱ्या टोपीवर घेतला. नमाजाची टोपी ती, धुऊन कडक केलेली. रुपयाएवढा ओला डाग पडला. मला त्याचा अर्थ ठाऊक होता. पेट्रोल उडून जातं, मागे काही ठेवत नाही. रॉकेल तेलकट डाग ठेवतं. आम्ही दोघं त्या डागाकडे बघत उन्हात उभे राहिलो. पंधरावीस सेकंद असतील. मी उभ्या जन्मात इतका वेळ कधी कशाची वाट बघितली नाही. टाकीच्या तळाशी माझंच जुनं रॉकेल राहिलं असेल तर? नळीत साचलेलं असेल तर? मी शुद्ध पेट्रोल घेतलं होतं हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

डाग कडेने आक्रसत गेला. मग तो नव्हताच. मिस्त्रीने टोपी उलटसुलट करून बघितली, हुंगली, झटकली आणि परत डोक्यावर ठेवली.

"पाना दे," तो म्हणाला.

पुढचं सगळं त्याने इतक्या पटापट केलं की मी फक्त हात पुढे करत होतो. कळशीतलं पाणी गरम रेडिएटरमध्ये थोडं थोडं घातलं. डिस्ट्रिब्युटर सैल करून कंपनीच्या खुणेवर आणला. मग बॉनेटचे बोल्ट काढायला लागला. मी म्हटलं, "हे कशाला?"

"खूण सपाट रस्त्याची आहे, चढ घाटाचा आहे. कानाने लावतो. तू चालव."

बॉनेट काढून आम्ही रस्त्याकडेच्या गटारात आडवं ठेवलं. साठीचा माणूस तो, उजव्या मडगार्डवर पालथा पडला, उजव्या हाताने हेडलाइटची कडा धरलेली, डावा हात आत, डिस्ट्रिब्युटरवर. चार बोटांवर पंखा गरगरत होता. मी म्हटलं, "मिस्त्री, हात गेला तर?" तो म्हणाला, "हात वर केला की दाब. मूठ केली की सोड."

निघालो. पहिला गिअर. समोर उघडं इंजिन, त्याच्या पलीकडे घाट, आणि मडगार्डवर एक पांढरी टोपी. वळणावर हॉर्न द्यायचा नाही, म्हणून मी खिडकीतून डोकं काढून बघत होतो. उजवा हात वर झाला. मी दाबलं. गाडीने ओढ घेतली, पण थोडी. मिस्त्रीने आतला हात हलवला असावा, कारण एकदम तिच्यात जोर आला, माझी पाठ सीटला टेकली. अजून हात वर. अजून दाबलं. मग मला ऐकू आलं ते, बारीक टिकटिक, कुणी बांगडी फरशीवर वाजवावी तशी. ठिणगी लवकर पडतेय! माझा पाय आपोआप सुटायला आला, पण मूठ काही वळली नव्हती. तो ऐकत होता. इंजिनाच्या वाफेत तोंड घालून, डोळे मिटून ऐकत होता. मग त्याचं मनगट केसभर वळलं आणि टिकटिक थांबली. जोर राहिला, आवाज गेला.

आणि त्याच वेळी मागची शीळही थांबली.

"काका!" रझिया म्हणाली. मोठ्याने नाही.

मी थांबायला गेलो तर मडगार्डवरून मिस्त्रीचा हात जोरात वर झाला. त्याला कळलं होतं. त्याचे कान होते ते. थांबू नको, दाब. मी दाबलं. दात आवळून, शिव्या गिळून, भैरीला हाक मारून दाबलं. आरशात रझियाने पोरीला खांद्यावर घेतलेलं दिसलं, पाठीवरून हात फिरवत होती, वरून खाली, वरून खाली. एक वळण गेलं. मग एक खर्र आवाज आला, आणि शीळ परत सुरू झाली. मी रडत होतो. गाडी चालवता चालवता लाज सोडून रडत होतो.

घाटमाथ्यावर मी दोन मिनिटं थांबलो. मिस्त्री उतरला, डिस्ट्रिब्युटर घट्ट आवळला. त्याचा सदरा छातीपाशी भाजून पिवळा पडला होता आणि मनगटावर फोड आले होते. हात कोपरापर्यंत काळे. मागे जाऊन नातीला हात लावायचा तर असे हात. मला म्हणाला, "डबा आण तुझा."

मी रॉकेलचा डबा आणला. त्याने रॉकेल ओतून हात धुतले, फडक्याला पुसले आणि डबा मला परत दिला. "ह्याच्यासाठी असतं ते," म्हणाला.

पुढे मलकापूर, आणि मग सरळ रस्ता. बिनबॉनेटची गाडी बघून लोक थांबून बघत होते. बघा म्हटलं. पाचच्या आधी आम्ही दवाखान्यात होतो. साडेसहाला डॉक्टर बाहेर आला आणि कागदाच्या पुडीतला चिंचोका मिस्त्रीच्या हातावर ठेवला. फुगून त्याचं साल तडकलं होतं. डॉक्टर म्हणाला, अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नाही. आतून हाजराचं रडणं ऐकू आलं, मोठ्याने, भोकाड पसरून. दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं तिने एकदम बाहेर काढलं. मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसला आणि ते रडणं ऐकत राहिला. मी तोवर त्याला इतकं मन लावून काही ऐकताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत येताना बॉनेट तिथंच गटारात होतं, वर एक वानर बसलेलं. आम्हाला बघून ते काही हलेना. हाजरा हसली. तिला हसताना बघून रझिया घाबरली आणि मग तीही हसली.

वऱ्हाडवाल्याने माझी आईबहीण काढली, ते सोडा. मी चार दिवस शेडकडे फिरकलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? पाचव्या दिवशी काशी म्हणाली, "मोठ्या बोंबा मारता, आणि एका माणसाची क्षमा मागायला पाय उचलत नाही?" गेलो. टाकीत शुद्ध पेट्रोल होतं, पण ते त्याला सांगायची मला हिंमत होईना. डिकीतला डबा काढून शेडच्या दारात ठेवला. "हात धुवायला," म्हटलं.

"मिस्त्री, माझ्यामुळे पोर..." मी सुरुवात केली.

"तुझ्यामुळे नाही," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं आणि मी पुन्हा विचारलं नाही. तुझी घरची ओढाताण दिसत होती. वाटलं, विचारलं तर ह्यालाही जा म्हणावं लागेल. म्हणून गप्प बसलो आणि गाडी खोट्याला लावून दिली. तिचं काही झालं असतं तर मी कुणाला जाब विचारला असता?"

एका दमात त्याने इतकं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही ऐकलं नाही. मग त्याने माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं, वंगण पुसलं. दोन्ही खुणा स्पष्ट दिसत होत्या. खोक्यातून बारीक कानस काढली. मला वाटलं आता पुसेल. त्याने ती माझ्या हातात दिली.

मी वाकलो आणि माझी खूण घासायला लागलो. अवघड जागा, हात नीट पोचत नव्हता, बोटांची सालं निघाली. तो शेजारी उभा होता, मदत केली नाही. पुष्कळ वेळाने त्याने मला थांबवलं, घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हां."